सातशे वर्षांचं चर्च आणि त्यातलं पुस्तकांचं कपाट

ताई, तुमचे प्रश्न रास्त आहेत. मुलीकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हेनला गेला होतात, तिथून एक दिवस रेल्वेने मास्ट्रिक्टला जाऊन आलात आणि जुन्या डोमिनिकन चर्चमधलं पुस्तकांचं दुकान पाहिलंत. आत असताना हरखून गेलात, पण बाहेर पडल्यावर मनाला रुखरुख लागली. जिथे इतकी शतकं प्रार्थना झाली, तिथे दुकान थाटावं का? दुसरं म्हणजे, एवढं लोखंड आणि एवढी पुस्तकं आत भरल्यावर त्या जुन्या दगडाला इजा होत नाही का? आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहात, तर काय नीट पाहावं?

मी गेली सव्वीस वर्षं जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करतो. बहुतेक वाडे आणि देवळं, अधूनमधून एखादं चर्च. मास्ट्रिक्टचं हे चर्च मी दोन वेळा पाहिलं आहे. पहिल्या वेळी तुमच्यासारखाच वर बघत राहिलो. दुसऱ्या वेळी मुद्दाम खाली बघितलं, कारण आमच्या कामात वास्तूचं खरं दुखणं पायाशी कळतं.

आधी तुमच्या रुखरुखीबद्दल. तिथली प्रार्थना दुकानामुळे थांबली नाही. दुकान २००६ च्या अखेरीस उघडलं. प्रार्थना त्याआधी दोनशे वर्षं थांबली होती. मधल्या काळात तिथे काय काय झालं ते कळलं, की दुकानाकडे बघण्याची नजर बदलते.

डोमिनिकन हा प्रवचन करणाऱ्या भिक्षूंचा पंथ, स्थापना १२१६ ची. रानात मठ बांधून एकांतात राहणं ही त्यांची रीत नव्हती. ते भर शहरात राहायचे, भिक्षेवर जगायचे आणि लोकांना प्रवचनं द्यायचे. त्यामुळे त्यांची चर्चही तशीच: लांबलचक, मोकळी, शेवटच्या माणसालाही वक्त्याचा शब्द ऐकू जावा अशी, आणि मोठ्या बुरुजाचा थाट टाळणारी. मास्ट्रिक्टचं चर्च १२९४ चं. दगड बराचसा त्याच भागातला मेर्गेल, म्हणजे पिवळसर, मऊ चुनखडी. करवतीने कापता येईल इतका मऊ. आपल्या काळ्या पाषाणावर छिन्नी चालवलेल्या गवंड्याला तो हातात घेतल्यावर नवल वाटेल.

या पंथात विद्येला फार मान. त्यांचा सर्वांत मोठा पंडित थॉमस अक्वायनस १२७४ मध्ये वारला, १३२३ मध्ये त्याला संतपद मिळालं आणि १३३७ मध्ये, म्हणजे अवघ्या चौदा वर्षांत, त्याच्या आयुष्यातले प्रसंग या चर्चच्या भिंतीवर रंगवले गेले. ते चित्र आजही तिथे आहे. फिकट झालं आहे, बरंच गेलं आहे, पण आहे. पुढे १६१९ मध्ये वरची कमानदार छतं रंगवली गेली. पुस्तकांत बुडालेल्या पंडिताचं चित्र भिंतीवर आणि समोर पुस्तकांच्या रांगा, हा योग मला फार भावला.

मग १७९४ साल आलं. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने वेढा घालून मास्ट्रिक्ट घेतलं आणि या चर्चमध्ये घोडे बांधले. पुढच्या वर्षी शहर फ्रान्सला जोडलं गेलं, १७९६ मध्ये मठ बरखास्त झाले आणि डोमिनिकनांचं घर कायमचं गेलं. चर्च पुढे शहराच्या ताब्यात आलं. त्यानंतरची यादी वाचली तर तुम्हाला दुकान सौम्य वाटेल: कधी मालाचं गोदाम, कधी प्रदर्शनं, कधी संगीताच्या मैफली, मुलांचा कार्निव्हल, आणि शेवटची कित्येक वर्षं सायकली ठेवायची जागा. मास्ट्रिक्टच्या मध्यमवयीन लोकांशी बोललात तर त्यांच्या आठवणीतलं हे चर्च प्रार्थनेचं नसतं, लहानपणच्या नाचगाण्याचं नाही तर सायकल लावण्याचं असतं.

यातला तबेला हा आमच्या दृष्टीने सर्वांत वाईट वापर, आणि पावित्र्याचा विचार बाजूला ठेवला तरी तो तसाच आहे. जनावरांच्या मुताचे क्षार जमिनीत मुरतात, ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि दगडाच्या पोटात बसून राहतात. हवा कोरडी झाली की त्यांचे खडे बनतात, ओल आली की विरघळतात, पुन्हा खडे बनतात. दर फेऱ्याला दगडाचा एक पापुद्रा सुटतो. आपल्याकडे पागा असलेल्या वाड्यांच्या भिंतीला लोणा लागतो तो हाच. घोडे जाऊन दोनशे वर्षं झाली तरी क्षार भिंतीत असतात. म्हणून अशी वास्तू ताब्यात घेताना मी पहिला प्रश्न विचारतो तो इथे कोण राहत होतं हा नाही, तर इथे काय ठेवलं होतं हा. मीठ, बारूद, खत, जनावरं: भिंत ते विसरत नाही.

आता योग्य-अयोग्य. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत यासाठी एक कलम आहे, १२२२ वं. उपासना बंद झालेली वास्तू ऐहिक वापराला देता येते, पण तो वापर ओंगळ नसावा, असा त्याचा आशय. मास्ट्रिक्टचं चर्च या संहितेच्या कितीतरी आधी हातातून गेलं होतं, त्यामुळे तिथे हे कलम लागू करायचा प्रसंगच नव्हता. पण कसोटी म्हणून मला ते फार समंजस वाटतं. जागा पुन्हा पवित्र करा असं ते म्हणत नाही, तिची विटंबना करू नका इतकंच म्हणतं. या कसोटीवर पुस्तकांचं दुकान उतरतं. आत लोक आपोआप हळू बोलतात, टोपी काढतात, मान वर करून थांबतात. सायकली लावताना कुणी थांबत नसणार.

एक गोष्ट मात्र मला खटकते, तीही सांगतो. वेदीच्या भागात, म्हणजे आपल्याकडे जिथे गाभारा असेल तिथे, कॉफीची जागा केली आहे आणि मधोमध क्रॉसच्या आकाराचं लांब टेबल आहे. लोक त्याच्या भोवती बसून कॉफी पितात. टेबल सुबक आहे, वर प्रकाशही छान पडतो. पण जी खूण तिथे श्रद्धेची होती, तिच्यावर कप ठेवायला लावू नये असं माझं मत. साधं आयताकृती टेबल असतं तरी त्या जागेचा दिमाख कमी झाला नसता. तुमची रुखरुख कदाचित या टेबलापाशी सुरू झाली असेल. तसं असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

आता दगडाला इजा होते का, हा प्रश्न. इथे खरं कसब दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकान चालवणाऱ्यांना विक्रीसाठी सुमारे १२०० चौरस मीटर जागा हवी होती. चर्चच्या जमिनीवर मिळत होती ७५० च्या आसपास. सहज सुचणारा उपाय म्हणजे मधे एक मजला टाकणं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तुळया, वर फळ्या, झालं. पण तसं केलं असतं तर चर्च संपलं असतं. खालून छत दिसलं नसतं, वरून जमीन दिसली नसती, आणि ती उंची, जिच्यासाठी तेराव्या शतकातल्या गवंड्यांनी जीव ओतला, ती दोन बुटक्या खोल्यांत वाटली गेली असती.

शिवाय भिंती तो भार घेतीलच असं नाही. गॉथिक, म्हणजे या चर्चसारख्या टोकदार कमानींच्या, बांधणीत भिंत बरीचशी पडद्यासारखी असते. छताचं वजन दगडी फासळ्यांतून खांबांवर उतरतं आणि कमानींचा बाहेर ढकलणारा जोर बाहेरच्या टेकूंवर जातो. सातशे वर्षांत हा तोल जमून बसलेला असतो. त्यात मधल्याच उंचीवर भिंतीत भोकं पाडून तुळया रोवल्या, की भार नको त्या जागी, नको त्या दिशेने येतो. मऊ मेर्गेलमध्ये तर मुळीच करू नये.

त्यातून माल पुस्तकांचा. पुस्तकं किती जड असतात याचा अंदाज घर बदलल्याशिवाय येत नाही. एक मीटर फळीवर ठासून पुस्तकं ठेवली तर तीस-पस्तीस किलो सहज भरतात. आपल्या भारतीय मानकात घरातल्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, भार धरतात. ग्रंथालयातल्या पुस्तकसाठ्याच्या खोलीला तोच ६ किलोन्यूटन, आणि कपाटं उंच असतील तर त्याहून जास्त. तिप्पट फरक आहे.

आम्स्टरडॅमच्या मेर्क्स आणि जिरो या वास्तुरचनाकारांनी मजला टाकलाच नाही. त्यांनी एक प्रचंड कपाट बनवलं. काळ्या पोलादाचं, जिने असलेलं, आत शिरून मजल्या-मजल्याने चढत जाता येईल असं, आणि ते चर्चच्या मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलं. दुसरी बाजू जमिनीपासून छतापर्यंत मोकळी ठेवली. त्यामुळे दारातून आत आल्यावर चर्चची पुरी उंची नजरेत येते, आणि ती कपाटामुळे कमी न होता उलट जास्त जाणवते, कारण माणसं त्या जिन्यांवर कुठवर चढली आहेत हे दिसतं. हे एका बाजूला सरकवणं मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं. मधोमध ठेवलं असतं तर दोन्हीकडे दोन बोळ उरले असते.

कपाट स्वतःच्या पायांवर उभं आहे. दुसऱ्या भेटीत मी एका दगडी खांबापाशी उकिडवा बसलो आणि पोलाद व दगड यांच्यामधल्या फटीतून पलीकडे पाहिलं. पलीकडचा दिवा दिसत होता. एक माणूस पुस्तक चाळत उभा होता, त्याची पावलं दिसत होती. कपाटाचा भार कपाटाच्या पायांत उतरतो, छताचा भार खांबांत, आणि दोघे एकमेकांच्या अंगावर रेलत नाहीत. ती फट पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढा छत पाहूनही झाला नव्हता.

माझ्या एका जुन्या कामाची आठवण त्यामुळे येते. पुणे जिल्ह्यातला एक दगडी वाडा, भाड्याने घेऊन तिथे समारंभ करायला सुरुवात झालेली. भाडेकरूंनी उत्साहाने दिवे, पडदे, पोटमाळा सगळं भिंतीत खिळे आणि बोल्ट ठोकून बसवलं, आणि चुन्याचा जुना गिलावा खरवडून सिमेंटचा केला. दिसायला चकचकीत. मला बोलावलं तेव्हा तीन पावसाळे झाले होते. सिमेंटने भिंतीचा श्वास कोंडला, ओल आतच राहिली, गिलाव्याचे पोपडे हातभर सुटले आणि बोल्टच्या गंजाने दगडाला तडे गेले. आम्ही सिमेंट काढून दगडांमधले सांधे पुन्हा चुन्याने भरले, पण फुटलेला दगड जोडता येत नाही. त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. वाडा वापरात यावा असंच त्यांना वाटत होतं. पण वास्तूत शिरताना बाहेर कसं पडायचं याचा विचार केला नव्हता.

ऊब हा आणखी एक नाजूक मामला, आणि याकडे पाहुण्यांचं लक्ष जात नाही. मध्ययुगीन चर्च गरम करण्यासाठी बांधलेलीच नव्हती. दुकानाला मात्र हिवाळ्यात ऊब लागते. एकदम गरम हवा सोडली की भिंती कोरड्या पडतात, क्षार बाहेर येतात, जुन्या रंगाचे पापुद्रे उडतात. माणसांच्या श्वासातली वाफ वर जाऊन थंड छतावर दवासारखी बसते. म्हणून रंगवलेली छतं असलेल्या वास्तूत तापमान सावकाश चढवायचं, सावकाश उतरवायचं, आणि बेतानेच ठेवायचं. तिथे स्वेटर काढावासा वाटला नसेल तर ते बरंच आहे.

या रचनेला २००७ मध्ये नेदरलँड्समधला अंतर्गत रचनेचा लेन्सव्हेल्ट पुरस्कार मिळाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण माझ्या मते तिची खरी परीक्षा नंतर झाली. ज्या साखळीचं हे दुकान होतं ती अडचणीत आली, २०१२ मध्ये तिचं विलीनीकरण झालं, पुढे नावही बदललं, आणि २०१४ च्या सुरुवातीला नवी कंपनीही दिवाळखोरीत गेली. दुकान बंद पडायची वेळ आली. तेव्हा इथल्याच कर्मचाऱ्यांनी दुकान आपल्या बळावर चालवायचं ठरवून लोकवर्गणीचं आवाहन केलं आणि थोड्याच दिवसांत सुमारे १ लाख युरो उभे राहिले. त्याच वर्षी 'बुकहांडेल डोमिनिकानेन' या नावाने ते स्वतंत्र दुकान म्हणून सुरू झालं, आणि तुम्ही पाहिलंत ते हेच.

यातल्या दोन गोष्टी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. भाडेकरू बुडाला तरी वास्तूचं काही बिघडलं नाही. उद्या पुस्तकं विकणं परवडेनासं झालं तर ते कपाट सुटं करून बाहेर नेता येईल आणि चर्च होतं तसं उरेल. आणि लोकांनी पैसे दिले ते एका दुकानासाठी तर दिलेच, पण आठ वर्षांत ती जागा पुन्हा त्यांची झाली होती म्हणूनही दिले. सायकली ठेवायची जागा बंद होणार म्हणून कुणी वर्गणी काढली नसती.

उलट उदाहरण हवं असेल तर वसईला जा. किल्ल्यात पोर्तुगीजांच्या काळातली चर्च आहेत आणि त्यांत एक याच डोमिनिकन पंथाचं आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, वस्ती उठली. चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत पोचल्या. मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची घंटा आणि नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतल्याच मानतात, आणि त्या आजही टिकून आहेत, कारण त्यांना नवं घर आणि नवं काम मिळालं. चर्चना मिळालं नाही. लाकडी छतं गेली, पाऊस भिंतींच्या माथ्यावर पडू लागला, दगडांच्या सांध्यांत पिंपळ-वड रुजले. आता ती पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत आणि तशीच राहायला हवीत. पडक्या वास्तूवर नवं छत घालून उपाहारगृह काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एकाच पंथाच्या दोन चर्चांचं भवितव्य छत राहिलं की गेलं यावर किती ठरलं, हे तिथे उभं राहिलं की कळतं. छत राखायला पैसा लागतो, आणि पैसा त्या जागेचं कुणाला तरी काम असेल तरच येतो.

नेदरलँड्समध्ये अशी इतर ठिकाणंही आहेत. झ्वोल्लाचं ब्रुरनकेर्क हेही डोमिनिकनांचंच, पंधराव्या शतकातलं, आणि तिथेही २०१३ पासून पुस्तकांचं दुकान आहे. मास्ट्रिक्टमध्येच, पायी काही मिनिटांवर, क्रुइसहेरेन हॉटेल आहे. पंधराव्या शतकातला मठ आणि त्याचं चर्च, २००५ पासून हॉटेल. काम उत्तम आहे, पण तिथे आत जायला खोली घ्यावी लागते नाही तर जेवायला बसावं लागतं. पुस्तकांच्या दुकानात खिसा रिकामा असलेला विद्यार्थीही तासभर उभा राहू शकतो. चर्चचं दार सगळ्यांना उघडं असायचं, ते तसंच उघडं राहणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता पुढच्या खेपेला काय पाहावं. सकाळी दुकान उघडता उघडता जा, दुपारी फार गर्दी होते. दारातच पोलादाची गंजक्या रंगाची चौकट आहे, तिथे क्षणभर थांबा. तो रंग मुद्दाम ठेवला आहे, नवं काम नवं म्हणून ओळखू यावं यासाठी. मग १३३७ चं थॉमसचं चित्र शोधा. नजर सरावायला पाच मिनिटं लागतात, मग एकेक आकृती भिंतीतून वर येऊ लागते. कर्मचाऱ्यांना विचारलंत तर ते आनंदाने दाखवतात. खाली एखाद्या खांबापाशी वाका आणि ती फट पाहा.

आणि शेवटी कपाटाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर चढा. गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश, कठड्याला धरून. वर पोचल्यावर पुस्तकांकडे पाठ करून उभ्या राहा. १६१९ ची चित्रं इतकी जवळ येतात की रंगाच्या भेगा दिसतात. खाली जमिनीवर गुडघे टेकणाऱ्या भाविकांना ती कधीच अशी दिसली नव्हती. रंगवणारा परांची बांधून चढला होता, दुरुस्ती करणारे चढले होते, आणि आता तुम्ही.